आमची वाटचाल : भिजत घातलेलं घोंगडं

काम रेंगाळलं की लोक ‘घोंगडं भिजत पडलंय’ म्हणतात. आमचा तर धंदाच भिजत घालण्याचा. सुती होजियरी कटिंगपासून, म्हणजे बनियन-टीशर्ट कापताना उरलेल्या कतरणीपासून, आम्ही हातकागद बनवतो. सुरुवात केली ती एक जुना बीटर (कतरण रोलरखाली कुटून लगदा करणारं यंत्र), दोन हौद आणि एका साच्यावर (हौदात बुडवून कागद उचलायची जाळीची चौकट).

पहिल्याच ऑर्डरला घाई नडली. कतरण नीट न भिजवता बीटरमध्ये टाकली आणि रोलर एकदम खाली दाबला. लगदा पटकन झाला, दिसायलाही झकास. कागद मात्र दुमडताच तडकला. तंतू नुसते कापले गेले होते, कुटले गेलेच नव्हते. सुती तंतू आधी पाणी पिऊन फुगावा लागतो. मग कुटताना त्याला बारीक कुसं सुटतात आणि वाळताना तीच एकमेकांना धरतात. हॉलंडर बीटर 17व्या शतकात नेदरलँड्समध्ये निघाला. त्याआधी युरोपातले कागद बनवणारे चिंध्या ओल्या ठेवून चक्क कुजू द्यायचे, मग मुसळांनी कुटायचे. तेवढा धीर आमच्यात नाही, पण रोलर आता हळूहळूच खाली येतो.

दुसरा फटका मोठा होता. ‘शंभर टक्के सुती’ म्हणून घेतलेल्या गाठीत शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा निघाला. तो ना फुगतो, ना कुटला जातो. पांढऱ्या कागदावर निळे केस उमटले, अख्खा माल परत आला. तेव्हापासून प्रत्येक गाठीतला दोरा आधी जाळून बघतो. सुताची राख होते, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो.

लगदा झाला की नाही, हे मात्र अजून बाटलीच सांगते. काचेच्या बाटलीत चिमूटभर लगदा आणि पाणी घालायचं, हलवायचं, उजेडासमोर धरायचं. धुक्यासारखा सारखा पसरला तर हौदात, गाठी दिसल्या तर पुन्हा बीटरला. उन्हाळ्यात भिजवणीचं पाणी बदलायचं विसरलो तर वास मारतो आणि पिवळे डाग पडतात, ते निराळंच.

आता बीटर दोन आहेत. उपसलेलं पाणी पुन्हा बीटरमध्येच फिरवतो, कारण 100 लिटरच्या हौदात सुका तंतू किलोभरही नसतो. परवा नवीन आलेल्या मुलाने हौदात डोकावून विचारलं, “काका, यात लगदा टाकायचा राहिला का?” मी त्याच्या हातात साचा दिला आणि म्हटलं, “बुडव.”