जात्याच्या आवाजाआड

१९९४ साली मी जिल्ह्याच्या कचेरीत स्वातंत्र्यसैनिकांच्या टेबलावर अव्वल कारकून होतो. त्या टेबलावर बसणाऱ्याला दोन गोष्टी लवकर अंगवळणी पडतात. एक म्हणजे थरथरत्या हातांनी पुढे केलेली, घड्यांवर फाटलेली कागदपत्रं. दुसरी म्हणजे संशय. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात कधी नव्हतीच अशी माणसंही अर्ज घेऊन यायची. त्यामुळे खरा माणूस समोर बसला तरी आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी कागदावरची तारीख बघायचो.

नियम मला पाठ होते. केंद्राची पेन्शन योजना १९७२ ची, १९८० साली तिची व्याप्ती वाढली. तुरुंगवास असेल तर किमान सहा महिने, बाईमाणसाला तीन. भूमिगत असेल तर सहा महिन्यांच्या वर, आणि त्याला पुरावा हवा: वॉरंट, पकडून देणाऱ्याला इनामाचा जाहीरनामा, नाहीतर मोठी शिक्षा भोगलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला.

जानेवारीत एक फाईल चौकशीला निघाली. गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठावरचं. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे वऱ्हाड, अशी तेव्हाची हद्द. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचा उमरखेडचा कॅम्प पलीकडच्याच अंगाला होता. अर्जदार पासष्टीचे. आपण १९४८ च्या माघात कॅम्पवर गेलो, नाके जाळण्यात होतो, आणि निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या कैदेतून 'मास्तरां'ना सोडवून आणलं, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं.

मास्तरांचं नाव त्या भागात ठाऊक नाही असं घर नव्हतं. शाळा सोडून चळवळीत उतरलेला माणूस. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायचे, लेव्हीच्या सक्तीच्या वसुलीचं कोठार फोडून धान्य लोकांत वाटायचं, आणि सकाळी नदीपार. त्यांना गोळी लागत नाही असं आयाबाया लेकरांना सांगायच्या. गोळी लागली होती, मांडीत, आणि म्हणूनच ते सापडले. पुढे १९७१ साली ते वारले. पेन्शनची योजना आली तेव्हा दाखला द्यायला ते नव्हते, आणि अर्जदाराचं सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

खरं सांगतो, एस.टी.त बसलो तेव्हा अहवालाचा शेवट माझ्या डोक्यात तयार होता. 'सबळ पुराव्याअभावी शिफारस करता येत नाही.' इतकी मोठी सुटका, इतका मोठा माणूस, आणि कागद एकही नाही. असल्या गोष्टी मी बऱ्याच ऐकल्या होत्या.

तलाठ्यांना बरोबर घेऊन अर्जदारांच्या ओसरीवर बसलो. चौकशीची माझी पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाचा जबाब वेगळा घ्यायचा, एकाला दुसऱ्याचं ऐकू द्यायचं नाही, आणि विचारायचं ते बारीकसारीक. पराक्रम कुणालाही सांगता येतो. जमीन ओली होती की कोरडी, हे तिथं असलेल्यालाच सांगता येतं.

त्यांनी सांगितलं ते असं. मास्तरांना गावातल्या गढीत ठेवलं होतं. गढीत तीसेक रझाकारांचा तळ. कोठडी नव्हती, म्हणून त्यांना पेवात टाकलं होतं.

पेव ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावच्या पांढरीत धान्य साठवायला खणलेला तो खड्डा. तोंड माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं, खाली रांजणासारखा फुगत गेलेला, दोन पुरुष खोल. आत कडबा लावून ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आधी कंदील सोडतात. ज्योत विझली तर आतली हवा माणसालाही विझवणार. अशा रिकाम्या पेवात मांडीत गोळी असलेला माणूस चार दिवस होता. फरशी अर्धी सरकवलेली, वर पहारा. पाचव्या दिवशी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेणार होते. तिथं नेल्यावर काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गढीवर चालून जाणं शक्य नव्हतं. कॅम्पवरच्या बंदुका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पण गावातल्या वडारांना एक गोष्ट माहीत होती, कारण ती पेवं त्यांच्याच बापजाद्यांनी खणलेली. गढीच्या भिंतीला लागून एका कुणब्याचं घर होतं. त्याच्या घरातलं पेव आणि गढीतलं ते पेव यांच्यामध्ये जमिनीखाली दीड हात मातीच होती. वर भिंत, खाली नुसती माती.

"कुदळ नाही चालवली," अर्जदार म्हणाले. "कुदळीचा दणका बसतो. खुरपी आणि पहारीचं टोक. चौघं होतो. दोन वडार, मी आणि कॅम्पवरचा एक. कंदील सोडला तर ज्योत बसली. मग घोंगडी वरखाली करून वारा घातला, दोन घटका थांबलो, अन् उतरलो."

"माती?"

"त्याच पेवात मागं सारत गेलो. शेवटी पालथं पडून खणत होतो."

मी विचारलं, वर पहारेकरी होता, त्याला आवाज आला नाही? त्यांनी हात झटकला. "वर बाया दळत होत्या. जात्याचा आवाज होता." आणि ते पुढं नदीकडे निघाले.

मी मात्र तिथंच अडकलो. दीड हात माती खुरप्यानं खणायला अख्खी रात्र लागली असणार. अख्खी रात्र कोण दळतं? बाया पहाटे दळतात. पहारेकऱ्याला शंका यायला एवढं पुरे. मला वाटलं, सापडला खोटेपणा.

"त्या घरातलं कुणी हयात आहे?"

"सून आहे. म्हातारी झाली. तिला काय विचारता, ती तर वरच होती."

ते घर अजून तिथंच होतं, गढीच्या पडक्या भिंतीला टेकून. आजी उन्हात तूर निवडत बसल्या होत्या. तलाठ्यांनी ओळख करून दिली. मी नमस्कार करून तरटावर बसलो आणि नेहमीचा पहिला प्रश्न टाकला. कधीची गोष्ट?

"पोळ्याच्या आदल्या राती. पोळा झाला आन् दुसऱ्या दिशी बाजार. आमचा बाजार शनवारी. त्या बाजाराला गावातलं कुत्रं बी गेलं न्हाई, मणून ध्यानात हाय."

मी लिहून घेतलं. परतल्यावर जुनं पंचांग काढून बघितलं. १९४८ सालचा पोळा ३ सप्टेंबरला होता, शुक्रवारी. दहा दिवसांनी, १३ तारखेला, हिंदुस्थानच्या फौजा हद्दीत शिरल्या आणि १७ ला निजाम शरण आला. आजींना तारीख माहीत नव्हती, पण त्यांचा वार पक्का होता.

"आजी, रात्रभर दळत होता म्हणे. पहारेकऱ्याला नवल नाही वाटलं?"

"नवल कशाचं? पीठ त्याचंच व्हतं की!"

गढीवरून हुकूम होता. तळावरच्या माणसांना गावानं दळून, भाजून घालायचं, घरटी पाळी. सासऱ्यांनी त्या रात्रीची पाळी मागून घेतली होती. दोन पायल्या ज्वारी गढीवरूनच मोजून आली. पहारेकरी भिंतीवरून हाक मारून विचारायचा, झालं का पीठ? जातं थांबलं की त्यालाच राग यायचा.

आजींचं वय तेव्हा सतरा. सासरी येऊन वर्ष झालेलं. जात्याच्या दुसऱ्या बाजूला शेजारची पिंजाऱ्याची बाई बसली होती. आजी तिला भाबीच म्हणत. एवढं दळण एकटीला ओढत नाही, हे वरवरचं कारण. खरं कारण वेगळं होतं. आजींची पाठ दाराकडे होती, भाबीचं तोंड. भिंतीवर फिरणारा पहारेकऱ्याचा कंदील भाबीला दिसायचा.

"मग ती तुम्हाला सांगायची कसं?"

आजी उठल्या. कोपऱ्यात पोत्याखाली जातं होतं, गिरणी आल्यापासून पडून असलेलं. पोतं बाजूला केलं, मला समोर बसवलं आणि माझा हात खुंट्यावर ठेवून वर आपला हात ठेवला. लाकूड गुळगुळीत, मधे किंचित झिजलेलं. आजींनी जातं फिरवलं. रिकाम्या दगडाची खरखर सुरू झाली, आणि दोन फेऱ्यांनंतर त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर दाबला गेला. एकदाच, बाहेरच्याला दिसणारही नाही असा.

"आसं. अंगठा दाबला की कंदील जवळ आला. मग मी भावाची ववी लावायचे. खालच्यांनी हात थांबवायचे. पुन्यांदा दाबला की गेला. मग आईची ववी. आईची ववी लागली की खणायचं."

मी जबाब लिहायचं विसरून नुसता ऐकत होतो. ओव्या भावाच्या आणि आईच्या, रोजच्याच. त्या ऐकून कुणाला काय कळणार?

मध्यरात्रीनंतर ज्वारी संपली. खाली खणणं संपलं नव्हतं. रिकाम्या जात्याचा आवाज वेगळा येतो, आत्ताच मी तो ऐकला होता, आणि पहारेकऱ्याच्या कानालाही तो कळला असता. आजींनी घरची पायलीभर ज्वारी घातली. भादव्याच्या तोंडावर कुणाच्या घरात असं कितीसं धान्य असणार. तीही संपली. मग भाबी उठली, शेजारी गेली, आणि तिच्या दोन लेकरांच्या सकाळच्या भाकरीची ज्वारी ओट्यात घेऊन आली.

"ती बी सरल्यावर?"

"मग पीठच दळलं. दळलेलं पुन्यांदा. मूठमूठ, हळूहळू. पिठाचा आवाज बारीक येतो, मणून गळा मोठा केला. आवाज बसला माझा. दोन दिस बोलता येईना."

पहाटेच्या आधी कधीतरी भाबीच्या पायापाशी पेवाच्या तोंडातून एक हात वर आला. अंधारात त्या हाताला माती कुठली आणि रक्त कुठलं, ते कळत नव्हतं. मास्तरांना बाजेच्या दोरीनं वर ओढलं. त्यांनी ओरडू नये म्हणून त्यांच्या तोंडात त्यांचाच पटका होता. ते जात्याशेजारून सरपटत परसात गेले तेव्हा दोघी दळतच होत्या.

"थांबला नाहीत?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. "थांबलो आस्तो तर त्याला कळलं नसतं का? उजाडंस्तोवर दळलं."

पुढचं अर्जदारांच्या जबाबात सविस्तर आहे. पैनगंगेला पूर होता. नावा रझाकारांनी आधीच ओढून नेलेल्या. गुऱ्हाळाची लोखंडी काहील उसाच्या हंगामापर्यंत पालथी पडून असते. ती त्यांनी नदीत घातली, मास्तरांना आत निजवलं आणि चौघांनी कडा धरून पोहत ती पलीकडे नेली. हे धाडस मोठंच आहे. त्यात मी एक शब्दही कमी करणार नाही.

पण मागं राहिले त्यांना नदी नव्हती. सकाळी गढीवर पीठ पोचतं झालं, आणि मग फरशी सरकवली गेली. गावातल्या पुरुषांना चावडीपुढे उभं करून फोडून काढलं. आजींचे सासरे त्या मारानं पुढे कधी सरळ चालले नाहीत. आतलं पेव सापडल्यावर घराला आग लावली. पिंजाऱ्याला बोलावून विचारलं, तू शेजारी, तुझी बायको तिथं दळत होती, तुम्हाला काहीच कळलं नाही? त्यानं कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवली, पण बायकोचं नाव घेतलं नाही. आजी हे सांगताना थांबल्या आणि सुपातली तूर उगाच खालीवर करत राहिल्या.

मी त्यांना विचारलं, आजी, तुम्ही अर्ज का नाही केला?

"मी कुटं गेले व्हते? मी तर घरातच व्हते."

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या पिशवीतला नमुना हेच म्हणत होता. तुरुंगवास: निरंक. भूमिगत कालावधी: निरंक. जातं ओढलं त्याला रकाना नाही.

जबाब वाचून दाखवला. शाईची डबी पुढे केली. आजींनी हात मागे घेतला.

"भाबीचं नाव लिव्हलं का?"

मी 'शेजारची एक बाई' असं लिहिलं होतं. चौकशी अर्जदाराची होती, भाबी वारून वीस वर्षं झालेली, तिची लेकरं शहरात गेलेली. कामकाजाच्या दृष्टीनं त्या नावाची गरज नव्हती.

"आदी तिचं लिव्ह. मग माजा आंगठा."

मी ती ओळ खोडली, खोडल्यावर सही केली आणि भाबीचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. आजींनी विचारून विचारून ते दोनदा खात्री करून घेतलं. मग अंगठा टेकवला.

त्या रात्री मी अहवाल नव्यानं लिहायला घेतला. दोन जबाब, एकमेकांना न ऐकता दिलेले. वार जुळतो, पेव जुळतं, माती कुठं सारली ते जुळतं. शिफारस केली. आजींसाठी वेगळी टिपणी जोडली, नियमात बसत नसल्याचं ठाऊक असूनही. ती 'तरतूद नाही' असा शेरा घेऊन परत आली. अर्जदारांची पेन्शन दीड वर्षानं मंजूर झाली.

मंजुरीचा कागद टपालानं जाणारच होता, तरी एका रविवारी मी स्वतः गेलो. अर्जदारांना पेढा भरवला आणि मग भिंतीपलीकडच्या घरी गेलो. आजींची नजर आता अधू झाली होती. मी अहवालाची नक्कल बरोबर नेली होती. त्यांनी पेन्शनचं काहीच विचारलं नाही.

"भाबीचं नाव हाय का त्यात अजून?"

मी तिसरं पान काढलं आणि ती ओळ वाचली. आजी ओठ हलवत ऐकत होत्या.

"पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या.