काप्रीची प्रदक्षिणा

इटलीत नेपल्सच्या आखातातील काप्री बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस किलोमीटर आहे आणि तेथे एका दिवसासाठी येणारे बहुतेक प्रवासी धक्क्यावर पाय ठेवताच एकच प्रश्न विचारतात : नीलगुहा, म्हणजे निळ्या उजेडासाठी प्रसिद्ध असलेली इथली समुद्रगुहा, आज उघडी आहे का? मीही तेच विचारले होते. मरीना ग्रांदे या उत्तरेकडच्या बंदरात दोन प्रकारच्या सहलींची तिकिटे मिळतात. एक लाँच थेट गुहेपर्यंत नेऊन परत आणते; दुसरी ‘जीरो देल्लीझोला’, म्हणजे साऱ्या बेटाला वळसा घालणारी, आणि समुद्राने परवानगी दिली तर गुहेपाशी थांबणारी. वेळ वाचवण्याच्या हिशेबाने मी पहिली निवडली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, खिडकीवरच्या गृहस्थांनी ‘उघडी आहे’ असे ठामपणे सांगितले होते, आणि वीस मिनिटांनी आम्ही गुहेच्या तोंडासमोर डोलत असताना ती बंद झाल्याचे कळले.

चूक अर्थात माझीही होती, कारण मी आभाळ पाहत होतो आणि पाहायला हवा होता वारा. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो, म्हणूनच पाण्याच्या पातळीवर उघडणाऱ्या अशा गुहांमध्ये होडी नेता येते. मात्र नीलगुहेचे तोंड पाण्यावर सुमारे एक मीटरच उंच आहे आणि ते बेटाच्या वायव्य बाजूला आहे. ‘माएस्त्राले’ हा वायव्येचा वारा सुटला की मोठ्या लाँचला जाणवणारही नाही एवढी लाट ते तोंड भरून टाकते. लख्ख उन्हाच्या दिवशीही गुहा बंद असू शकते, ती यामुळे.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता आणि मी मुकाट्याने पूर्ण वळशाचे तिकीट काढले. लाँच पूर्वेकडे निघाली आणि बेट उजव्या हाताला राहिले, म्हणजे ही खरोखरच प्रदक्षिणा होती. पहिल्या काही मिनिटांतच घरे संपतात आणि चुनखडीचा कडा सुरू होतो. वर, सुमारे ३०० मीटरांवर, ‘टायबेरियसची उडी’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. रोमन सम्राट टायबेरियसने इ. स. २७ ते ३७ ही आपल्या आयुष्याची अखेरची दहा वर्षे प्रामुख्याने याच बेटावर काढली, आणि नकोशा माणसांना तो या कड्यावरून ढकलून देत असे, खाली खलाशी वल्ही घेऊन उभे असत, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. नावाडी ही गोष्ट फार रंगवून सांगतात. सुएटोनियस जन्मला तो सम्राटाच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी, हे मात्र कोणी सांगत नाही.

कडा वळला की रंग बदलू लागतात. काही कपारींत पाणी पांढुरके दिसते, पुढे दक्षिणेला एका गुहेत हिरवे, आणि या दोहोंच्या मध्ये फाराल्योनी हे तीन सुळके उभे आहेत. सर्वांत उंच सुळका १०९ मीटरांचा असून तो बेटाला जोडलेला आहे. मधल्याच्या पोटात आरपार कमान आहे आणि लाँच तिच्यातून जाते. कमानीखाली जोडप्यांनी चुंबन घेतल्यास भाग्य उजळते, असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते आणि लोक आज्ञाधारकपणे तसे करतात. मी वर पाहत होतो, कारण इंजिनाचा आवाज तेथे एकदम दुप्पट होतो आणि दगडाचा ओलसर गारवा खांद्यावर उतरतो. सर्वांत बाहेरच्या सुळक्यावर निळ्या रंगाची एक सरड्याची जात राहते. लाँचमधून ती दिसणे शक्य नाही, पण त्या एकाकी खडकावर एक निळा जीव उन्हात पडून असेल, हा विचार पुढे बराच वेळ सोबत करतो.

पुन्ता कारेना येथील दीपगृह ओलांडल्यावर पश्चिम किनारा लागतो. तो तुलनेने सपाट आहे, आणि येथवर येता येता बरेच जण डुलक्या घेऊ लागतात.

नीलगुहेपाशी लाँचमधून लहान वल्ह्याच्या होडीत उतरावे लागते. प्रवेशाचे पैसे वेगळे असतात आणि ते तेथेच पाण्यावर तरंगणाऱ्या तिकीटघरात द्यायचे असतात. होडीत आम्ही चौघे होतो. नावाड्याने आम्हाला एकमेकांच्या पायांत पाय अडकवून चक्क उताणे झोपवले, खडकात बसवलेली लोखंडी साखळी दोन्ही हातांनी धरली आणि लाट खाली बसण्याची वाट पाहिली. क्षणभर तोही आमच्यावर आडवा झाला, साखळी खेचली गेली, खडक नाकावरून गेला आणि आम्ही आत होतो.

आतला प्रकाश वरून येत नाही, खालून येतो. तोंडाच्या खाली पाण्यात आणखी एक, कितीतरी मोठी, पोकळी आहे. ऊन तिच्यातून पाण्यात गाळून आत शिरते, वाटेत लाल छटा शोषल्या जातात आणि उरतो तो निळा. मी मनगटापर्यंत हात बुडवला तर तो चांदीचा दिसू लागला. त्वचेला चिकटलेल्या बारीक बुडबुड्यांची ही किमया आहे आणि हात हलवला की चांदी झडून जाते. दुपारी १२ ते २ या वेळेत हा निळा सर्वांत गडद असतो.

१८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश आणि अर्न्स्ट फ्रीस हे दोन जर्मन एका स्थानिक कोळ्याला बरोबर घेऊन येथे पोहत शिरले आणि गुहेचा ‘शोध’ लागला, असे म्हणतात. १९६४ मध्ये तिच्या तळातून रोमन काळातील पुतळे वर काढण्यात आले, त्यामुळे त्या शोधाला किती महत्त्व द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या वाट्याला आतली पाचेक मिनिटे आली, त्यातले एक नावाड्याच्या गाण्यात गेले. गुहेतल्या पाच मिनिटांसाठी कोणी काप्रीला जात असेल तर मी त्याला अडवणार नाही, पण तिकीट पूर्ण वळशाचेच काढावे, असे सुचवीन. बाहेर पडताना पुन्हा उताणे झालो तेव्हा होडीच्या तळाशी साचलेले पाणी सदऱ्यातून पाठीला लागले. बंदरात पोहोचेपर्यंत ते वाळले होते आणि पाठीवर मिठाची एक वाकडी रेघ उरली होती.