भरलेली बाटली

लेकीच्या दप्तरातली पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. डिचोलीच्या उकाड्यात! शाळेच्या संडासाला कडी नाही, म्हणून सकाळपासून दीडपर्यंत ती घोटभर पाणीही पीत नव्हती.

मग लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, ताप. डॉक्टरांनी आधी कुठला जंतू आहे ते बघायला लघवी कल्चरला पाठवली, मग गोळ्या सुरू केल्या. ई. कोलाय निघाला, आतड्यातलाच जंतू. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर, म्हणून तो मूत्राशयात लवकर पोचतो. लघवी तुंबवली की वाढायला सवड मिळते. पुढून मागे पुसायचं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मलाही आईने नव्हतं सांगितलं.

पालकसभेत मी कडीचा विषय काढला. बापये मंडळी खाली बघत राहिली. कडी लागली. नळाला पाणी अजून नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे.