खानापूरहून लीड्सला एका सत्रासाठी: विषय आधी ठरवा, तिकीट नंतर

बी.ई. सिव्हिलचं एक सत्र इंग्लंडमधल्या लीड्सला करून मी खानापूरला परतले. आल्यापासून बेळगाव, निपाणीकडच्या मुलामुलींचे फोन येताहेत. बहुतेकांना व्हिसा आणि खर्चाचं विचारायचं असतं. ते विचारायलाच हवं, पण त्याआधी तिथं कुठली मॉड्यूल, म्हणजे तिकडचे विषय, घेणार ते ठरवा. विषय जुळले नाहीत तर परत आल्यावर इथलं अख्खं सत्र पुन्हा करावं लागतं, आणि घरच्यांनी जमवलेला पैसा त्यात जातो.

सुरुवात परदेशी विद्यापीठाच्या यादीपासून न करता आपल्या कॉलेजच्या अभ्यासक्रमापासून करा. ज्या सत्रात सक्तीचे विषय कमी आणि ऐच्छिक जास्त, त्या सत्रात जा. सक्तीच्या विषयाला तिकडचा तंतोतंत पर्याय क्वचितच मिळतो. ऐच्छिकाला विभागप्रमुख सहज मान्यता देतात, कारण तिथं विषयाची जातकुळी जुळली तरी चालते. प्रत्येक मॉड्यूलचं वर्णनपत्रक छापून आपल्या विषयाच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवा, जुळणारे घटक अधोरेखित करा आणि मगच सरांकडे जा. तोंडी 'होईल, बघू'वर विसंबू नका. सही-शिक्क्याचं पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा करत राहा.

क्रेडिटचा, म्हणजे विषयाचं वजन मोजणाऱ्या एककाचा, हिशेब नीट समजून घ्या, सगळी गडबड तिथंच होते. इंग्लंडमध्ये वर्षाला १२०, म्हणजे सत्राला ६० क्रेडिट असतात. युरोपीय मापात ते ३० होतात. आपल्याकडे बी.ई.च्या चार वर्षांत साधारण १६०, म्हणजे सत्राला सरासरी २०. त्यामुळं तिकडचं १० क्रेडिटचं मॉड्यूल आपल्या तीनेक क्रेडिटच्या विषयाएवढं धरता येतं, पण ते कॉलेजनं मान्य करायला हवं. आपण क्रेडिट मोजतो ते वर्गातल्या तासांवर. ते विद्यार्थ्याचे एकूण कष्ट मोजतात, एका क्रेडिटला १० तास. म्हणून वेळापत्रकात आठवड्याला दोनच लेक्चर दिसली तरी १० क्रेडिटमागं १०० तासांचं काम असतं. ते ग्रंथालयात बसून, वाचून, लिहून भरून काढायचं असतं.

६० क्रेडिट लागत असले तरी मान्यता ९० ते १०० क्रेडिटच्या यादीवर घ्या. तिथं पोचल्यावर दोन मॉड्यूलची वेळ एकमेकांवर येते, एखाद्याच्या जागा भरतात, एखादं त्या वर्षी शिकवतच नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत बदल करता येतो, पण तेवढ्या वेळात बेळगावहून नवं मान्यतापत्र मिळवणं फार अवघड. जादा नावं आधीच पत्रात असली की निश्चिंत राहता येतं.

पातळीही बघा. इंग्लंडमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला पातळी ४, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ६ म्हणतात. आपण तिसऱ्या वर्षाला आहोत म्हणून सगळी सहाव्या पातळीची घेऊ नका. प्रत्येकाखाली आधी काय शिकलेलं असावं ते लिहिलेलं असतं. पाचव्या आणि सहाव्या पातळीचं मिश्रण मला योग्य वाटलं. वर्षभर चालणारी मॉड्यूल, विशेषतः गटानं करायचे मोठे प्रकल्प, एका सत्रासाठी आलेल्यांनी टाळावीत. परीक्षा कधी, हेही आताच बघा. पहिल्या सत्राच्या लेखी परीक्षा बहुधा जानेवारीत असतात, वर्ग मात्र नाताळाआधी संपतात. लवकर परतायचं असेल तर निबंध आणि अहवालांवर गुण देणारी मॉड्यूल निवडा, किंवा पाहुण्या विद्यार्थ्यांना डिसेंबरात वेगळं मूल्यमापन मिळतं का ते आधीच लेखी विचारा.

आता मी काय घेतलं ते. दोन मॉड्यूल इथल्या विषयांशी जुळणारी होती, त्यांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. तिसरं जलविज्ञान आणि पूरव्यवस्थापनाचं, आणि त्यासाठीच मी गेले होते. आमची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. २०१९च्या ऑगस्टात मलप्रभा आणि घटप्रभेनं जिल्ह्यात काय केलं ते गोकाक, रामदुर्गच्या लोकांना सांगायला नको. लीड्समधून एअर नदी वाहते. २६ डिसेंबर २०१५ला तिचं पाणी कर्कस्टॉल भागात घुसलं होतं. त्यानंतर २०१७मध्ये पूर्ण झालेल्या पूरयोजनेच्या पहिल्या टप्प्यात क्राउन पॉइंट आणि नॉस्ट्रॉपला हलते बंधारे बसवले. पूर आला की ते खाली उतरवतात आणि पाण्याला वाट मोकळी होते. पुढच्या टप्प्यात शहराच्या वर, पाणलोटात झाडं लावण्यावरही भर दिला. बंधारे बघताना मला सारखं वाटत होतं की हिडकल आणि नविलुतीर्थच्या धरणांतून पाणी कधी, किती सोडायचं, याचा अभ्यास आपल्या मुलांनी याच बारकाईनं करायला हवा. अहवाल मी मलप्रभेवर लिहिला आणि प्राध्यापकांनी तो मनापासून वाचला. (तिथं सगळे प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून 'सर'च निघायचं, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती.) सगळीच मॉड्यूल सोयीची म्हणून घेऊ नका. आपल्या गावाला लागणारं, पण आपल्या कॉलेजात नसलेलं एक तरी घ्याच.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी सेमिनारला घाबरू नये. दहा-पंधरा जणांत बोलावं लागतं, पण नेमून दिलेलं आधी वाचलेलं असलं तर साधं इंग्रजी पुरतं. निबंधलेखनासाठी विद्यापीठात मोफत मार्गदर्शन असतं, पहिल्याच आठवड्यात वेळ घ्या.

कागदपत्रांत आपली सीमाभागाची खास अडचण आहे. शाळेचा दाखला मराठीत, उत्पन्नाचा दाखला आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. व्हिसासाठी इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं, तेव्हा हे काम महिनाभर आधी हाती घ्या. नावाचं स्पेलिंग तिन्ही भाषांतून सारखं उतरलंय का ते स्वतः तपासा. बोटांचे ठसे द्यायला मी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला गेले. मुक्काम सहा महिन्यांच्या आत असेल तर व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं, पण त्यावर काम अजिबात करता येत नाही. म्हणजे तिथं कमवून खर्च भागवू, हा हिशेब धरू नका. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी ब्रिटिश सरकारचं संकेतस्थळ बघाच.

गुणांचं रूपांतरही मान्यतापत्रात लिहून घ्या. तिकडे ४०ला पास आणि ७०पासून वर प्रथम श्रेणी. ६८ हे तिथं चांगले गुण आहेत, पण इथं जसेच्या तसे चढवले तर तुमचा ग्रेड उगाच खाली येतो. गुणपत्रक तिथल्या परीक्षा मंडळाची बैठक झाल्यावर निघतं, तेव्हा ते थेट आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला पाठवायची विनंती निघण्यापूर्वीच करून ठेवा. मॉड्यूलची वर्णनपत्रकं आणि तुमचे तपासलेले अहवाल विद्यार्थी-खातं बंद व्हायच्या आत उतरवून घ्या, पुढं एम.टेक.च्या अर्जाला तेच कागद मागतात.