आधी पोट

नेदरलँड्समधल्या हेगमध्ये मी मराठी-हिंदी बोलणाऱ्या पाहुण्यांना शहर दाखवते. माउरित्सहाउस संग्रहालयात रेम्ब्रांटच्या ‘डॉ. निकोलास टुल्प यांचा शरीररचनेचा धडा’ या चित्रापुढे माझी सात-आठ मिनिटं ठरलेली असतात. त्या दिवशी तिथं पाऊण तास गेला.

मुलगा-सून इकडे नोकरीला, आईवडील पहिल्यांदाच देशाबाहेर आलेले, असं चौघांचं कुटुंब होतं. वडील सकाळपासून फारसे बोलले नव्हते. मी नेहमीसारखी सुरुवात केली. साल १६३२, रेम्ब्रांट पंचविशीतला, लायडनहून ॲमस्टरडॅमला नुकताच आलेला. शल्यचिकित्सकांच्या संघानं दिलेलं हे मोठं काम. जाहीर शवविच्छेदन हिवाळ्यातच व्हायचं, कारण थंडीत देह थोडे जास्त दिवस टिकायचा. मग काळोखातून उजळलेले चेहरे, टुल्प यांची टोपी...

“ताई, पोट तसंच आहे की.”

वडील दोरीच्या अगदी जवळ, प्रेताच्या पायांकडच्या बाजूला उभे होते.

“आधी पोट उघडतात. तेच आधी नासतं. मग छाती, डोकं. हातपाय मागाहून. इथं हात पार सोललाय नि पोटावर ओरखडासुद्धा नाही. असं होत नाही.”

मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “बाबा मेडिकल कॉलेजात होते. ॲनाटॉमीला, अटेंडंट. एकतीस वर्षं. पोरं मामा म्हणायची त्यांना.”

मामांचं म्हणणं अचूक होतं. नेमका हाच प्रश्न अभ्यासकांनीही विचारलेला आहे. त्या काळात विच्छेदनाची सुरुवात पोटापासूनच व्हायची, त्यामुळे या चित्रातला उघडा हात हा प्रत्यक्ष प्रसंग नसून रचना आहे, असं पुष्कळांना वाटतं. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसच्या १५४३ च्या ग्रंथात त्याचं स्वतःचं चित्र आहे, त्यातही तो हाताचंच विच्छेदन दाखवतो. टुल्प यांना त्याच पंक्तीत दिसायचं असावं. हे सगळं मी वाचलं होतं, पण पाहुण्यांना कधी सांगितलं नव्हतं. बारीकसारीक तपशिलाचा लोकांना कंटाळा येईल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

मग मामा बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. टुल्प यांच्या उजव्या हातातल्या चिमट्यात बोटं मिटवणारा स्नायू धरलेला आहे. त्यांचा डावा हात हवेत आहे, बोटं अर्धवट वाकलेली. तो हात भाषण देणाऱ्याचा आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. मामांनी आपला डावा हात तसाच वर धरला, उजव्या हाताच्या चिमटीनं मनगटाच्या वर दाबलं आणि बोटं हळूच वाकवली.

“ह्यो स्नायू ओढला की काय होतं, ते दाखवतायत ते. आमचे सर अगदी असंच दाखवायचे. टाकीतल्या बॉडीचा हात ताठ असतो, तरी ओढलं की जरासं हलतं. पहिल्या वर्षाची पोरं दचकतात.”

शेजारी उभ्या असलेल्या एका डच बाईंना भाषा कळत नव्हती, पण त्यांनीही नकळत बोटं वाकवून पाहिली.

मी सांगितलं, की ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी एका पुरुषाच्या मृतदेहाचा डावा हात उघडून या चित्राशी ताडून पाहिला होता, २००६ मध्ये त्यावर लेख आला आणि त्यांना काही फरक सापडले. मामांना त्याचं विशेष वाटलं नाही. “फरक असायचाच. दोन बॉड्या सारख्या नसतात,” म्हणाले. मग विचारलं, “फॉर्मलिन नसेल तेव्हा?” देह टिकवणारं हे रसायन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात आलं, हे ऐकून त्यांनी मान हलवली. “मग वास असणार. तरी ही माणसं किती जवळ वाकलीत बघा.”

“आणि हा कोण?”

मी नेहमी एका वाक्यात सांगायचे: फाशी दिलेला चोर. त्या दिवशी पूर्ण सांगितलं. नाव आद्रियान आद्रियान्सझोन, ओळख आरिस किंट या नावानं. जबरी चोरीसाठी जानेवारी १६३२ मध्ये फासावर गेला.

“नाव आहे म्हणजे,” मामा म्हणाले. “आमच्याकडे बॉडीला नंबर असतो. नाव रजिस्टरात. रजिस्टर माझ्याकडे असायचं, म्हणून मला ठाऊक असायचं. पोरांना नाही.”

बाहेर बाकावर बसल्यावर मी त्यांना फोनवर रेम्ब्रांटचं दुसरं चित्र दाखवलं. १६५६ मधलं, डॉ. डायमन यांचा धडा. १७२३ च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला. डॉक्टरांचं डोकं गेलं, फक्त त्यांचे हात उरले. कवटीचा कापलेला वरचा भाग हातात धरून उभा असलेला मदतनीस उरला आणि मधोमध, तळपाय आपल्याकडे केलेला मृत माणूस उरला. पोट उघडून रिकामं केलेलं, आता मेंदूची पाळी.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. पोटाची पोकळी मोठी करून पाहिली, मग डोकं, मग बाजूला उभा असलेला तो मदतनीस. त्याच्यावर बराच वेळ थांबले.

“हे बरोबर आहे,” म्हणाले. “आधी पोट. ह्या खेपेला चित्रकार टेबलापाशी उभा राहिलाय.”

त्या चोवीस वर्षांत रेम्ब्रांटनं काय पाहिलं असेल, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता.

“ह्याचं नाव?”

“योरिस फोंटाइन.”

त्यांनी खिशातून प्रवेशाचं तिकीट काढलं, मुलाकडून पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन्ही नावं एकाखाली एक, देवनागरीत लिहिली. दुसऱ्या नावाचा उच्चार त्यांनी मला दोनदा करायला लावला.