कापडावरची वांगी

चिकूवर मुंगी चढली. ती चित्रात काढावी की चिकूवरून काढून टाकावी, या विचारात माझा बराच वेळ गेला. सावंतवाडीजवळच्या एका वाडीत स्थिरचित्राची कार्यशाळा होती. माडाखाली स्टूल, त्यावर जुनी चादर, चादरीवर तांब्या, दोन वांगी, कलिंगडाची फोड आणि हा चिकू. आम्ही सगळे मांडीवर बोर्ड घेऊन भोवती. पेन्सिलीने रेखाटलं तेव्हा तांब्याची सावली एकीकडे होती, रंग कालवेपर्यंत ती वांग्यांवर सरकली. वर झावळ्या हलत होत्या, त्यामुळे उन्हाचे कवडसेही जागा सोडत होते. दिवसभर सारखा उजेड देणाऱ्या उत्तरेच्या खिडकीचा चित्रकारांना एवढा सोस का, ते तिथे बसल्यावर कळतं.

शाळेत हा त्रास नव्हता. तिथे ट्यूबलाइट होती. चित्रकलेच्या दोन परीक्षा, एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. बाकं भिंतीला सरकवायची, मध्ये टेबल, आणि इस्त्रीच्या चादरीला सर स्वतः घड्या पाडायचे. एकदा एका घडीवर समाधान होईना म्हणून त्यांनी चादर पुन्हा झटकली, तर कांदा घरंगळत थेट वर्गाबाहेर. परीक्षेत माझ्या वाट्याला किटली आली आणि तिची तोटी नेमकी माझ्या नाकावर रोखलेली. पलीकडच्या मुलाला तीच किटली आडवी, डौलदार दिसत होती. माझ्या कागदावर तोटीच्या जागी नुसतं एक भोक. तपासणाऱ्याने त्याला काय समजून गुण दिले, देव जाणे.

मांडणीबाबत माझा एक हट्ट आहे. समई, पानाचा डबा आणि मोरपीस असं त्रिकूट दिसलं की माझा ब्रश उचलतच नाही. ज्या घरात समई रोज घासावी लागते, तिथल्या बाईला ती कापडावर मांडून बघत बसायचं सुचणार नाही. त्या मानाने वांगी बरी.

फ्रेंच चित्रकार सेझान इतका सावकाश रंगवायचा की फळं सडून जात, फुलं माना टाकत. शेवटी तो कागदाची फुलं समोर ठेवू लागला. 1899 मध्ये व्होलार हा चित्रविक्रेता त्याच्यापुढे व्यक्तिचित्रासाठी बसला, तर शंभरावर बैठका झाल्या. एकदा डुलकी लागून व्होलार खुर्चीसकट खाली आला, तेव्हा सेझान त्याच्यावर खेकसला : सफरचंदासारखं बसा म्हटलं होतं ना, सफरचंद कधी हलतं? व्होलारनेच हे लिहून ठेवलंय. फ्रान्समधली सफरचंदं असतीलही तशी गुणी. आमचा चिकू हलला. माकड कौलांवरून आलं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता चिकू उचलून गेलं, मुंगीसकट. माझा प्रश्न सुटला.

त्यावर कुणीतरी म्हणालं, चितारआळीतून लाकडी फळं आणूया, कोण नेतंय ती! सावंतवाडीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळं करतात, आंबा-केळ्यांना हात लावेपर्यंत शंका येत नाही. पण मला ते पटेना. त्या आंब्याची लाली कारागिराने आधीच ठरवून टाकलेली असते. त्याचं चित्र काढायचं म्हणजे शेजारच्याच्या वहीत बघून गणित उतरवल्यासारखं. शिवाय तो आंबा संध्याकाळपर्यंत मऊ पडत नाही, त्याला वास येत नाही, मग घाई कशाची करायची?

घाई काय ती वाडीवाल्या काकूंना होती. सूप घेऊन आल्या, सगळ्यांच्या कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "झाला काय तुमचा? वांगी व्हरतंय." कुणी "थांबा हो काकू" म्हणायच्या आत स्टूल रिकामं. माझं एक वांगं देठापर्यंतच आलं होतं, उरलेलं मनाने रंगवलं. इंटरमिजिएटला याचा, स्मरणचित्राचा, पेपर निराळा असतो. रात्री भरली वांगी होती. खोबरं जरा जास्त झालं होतं, पण मी दोनदा मागून घेतली.