आडवी गोधडी, उभी गोधडी

गोधडी शिवणाऱ्याला ती पूर्ण दिसते ती अगदी शेवटी, आणि तेव्हाही बहुधा वरून, आपल्या उंचीवरून. ती जमिनीवर मांडली जाते, पुढचे कित्येक महिने मांडीवर वाढते आणि शेवटी पलंगावर जाऊन पडते. तिचे सगळे आयुष्य आडवे. प्रदर्शनात मात्र तिला उभे राहावे लागते. आडव्या वस्तूला उभे केले की तिचे काय काय उघडे पडते, हे माझी पहिली गोधडी भिंतीवर टांगली गेली त्या दिवशी मला कळले, आणि तेव्हापासून मी शिवायला बसते ती डोळ्याच्या एका कोपऱ्यात भिंत ठेवूनच.

गोधडीला तीन थर असतात : वर तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मध्ये कापसाचे किंवा लोकरीचे भरण आणि खाली अस्तर. रंग निवडण्यात, तुकडे लावून बघण्यात आणि पुन्हा विस्कटण्यात आपण आनंदाने आठवडे घालवतो. पण गोधडीचे पुढे काय होणार हे ठरते ते हे तीन थर एकमेकांवर पसरण्याच्या एका कंटाळवाण्या दुपारी. अस्तर जमिनीवर उलटे पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने बसवायच्या, पण ताण इतकाच द्यायचा की सुरकुती जावी. त्याहून जास्त ओढले, तर पट्ट्या काढताच अस्तर आपल्या मूळ मापावर परत येते आणि वरच्या थराला चुण्या पडतात. मग मध्यापासून कडेकडे तळव्याने सपाट करत जायचे आणि तसेच मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टाके घालत यायचे. गुडघे दुखू लागतात तेव्हा शेवटच्या दोन फुटांत टाके अंमळ लांब पडतात. माझे तरी पडतात, आणि पुढे चुण्या नेमक्या तिथेच निघतात.

त्यानंतरचा धावदोरा हे खरे सुख. वरच्या हाताचे बोट अंगुस्तान्याने सुई ढकलते आणि कापडाखालचे बोट तिची वाट पाहत असते. सुईचे टोक त्याला किंचित टोचले की टाका तिन्ही थरांतून गेला असे समजायचे. या कामासाठी मुद्दाम आखूड सुया मिळतात आणि त्या इतक्या बारीक असतात की महिन्याभरात हाताच्या वळणाप्रमाणे वाकतात. इंचाला आठ-दहा टाके पडू लागले की हात बसला असे जाणकार मानतात. मी मोजणे कधीच सोडून दिले आहे, कारण लहान पण विषम टाक्यांपेक्षा मोठे पण सारखे टाके डोळ्यांना अधिक शांत वाटतात, असे माझे मत झाले आहे. गाठ बाहेर ठेवायची नसते. हलका हिसका देऊन ती वरच्या कापडातून आत ओढायची आणि भरणात हरवून टाकायची. तो अस्फुट ‘टक’ आवाज ऐकण्यासाठी मी कधीकधी गरजेपेक्षा आखूड दोरा घेते, म्हणजे गाठी जास्त येतात.

या सुखात एक गोष्ट नजरेआड होते. प्रत्येक टाका कापड किंचित आत ओढून घेतो. म्हणून मधल्या भागात दाट शिवण घातली आणि कडेला कंटाळून विरळ सोडली, तर मध्य आखडतो, कडा मात्र पूर्वीइतकीच लांब राहते, आणि ते जास्तीचे कापड लाटांसारखे हलू लागते. पलंगावर गोधडीची कडा खाली लोंबत असते, त्यामुळे या लाटा कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

मग गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी. गोधडी चारही बाजूंनी गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात ठेवून, कापून घ्यायची, अडीच इंच रुंदीची पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करायची, ती दर्शनी बाजूने शिवायची आणि कडेवरून वळवून अस्तराच्या बाजूला हाताने, टाका दिसणार नाही अशी बसवायची. पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, कापावी की सरळ, यावर गोधडी शिवणारी माणसे तासन्‌तास बोलू शकतात. मी उरेबच्या पक्षाची. वापरात सर्वांत आधी झिजते ती कडा. सरळ कापलेल्या पट्टीत दुमडीवर लांबच लांब तेच एक-दोन धागे येतात आणि ते झिजले की गोट ओळीने फाटत जातो. उरेब पट्टीत शेकडो धागे दुमड तिरके ओलांडतात, त्यामुळे झीज वाटली जाते. मात्र उरेब पट्टी ताणली जाते, आणि शिवताना ती नकळत ओढली गेली तर कडा पुन्हा फसवते. कोपऱ्यावर पाव इंच आधी थांबून, पट्टी तिरकी वर घेऊन, पुन्हा खाली दुमडून नव्या बाजूला लागायचे. चारांपैकी माझे तीन कोपरे नेहमी टोकदार येतात. चौथा का येत नाही, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही.

अशा थाटात पूर्ण केलेली माझी पहिली गोधडी एका लहानशा प्रदर्शनात गेली. आयोजकांनी ती वरच्या कडेला चिमटे लावून टांगली आणि दोन चिमट्यांमधली कडा आपल्याच वजनाने झोळीसारखी खाली आली. बाजूंच्या लाटा, ज्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या, त्या झालरीसारख्या उठून दिसत होत्या. पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. पंधरा फुटांवरून पाहताना मधोमध शेजारी आलेले दोन गडद निळे तुकडे एकमेकांत मिसळून एखाद्या भोकासारखे दिसत होते. चार महिने मी त्यांच्यावर वाकून टाके घातले होते. इतक्या जवळून दोन्हींतली बारीक नक्षी निरनिराळी होती आणि मला ती फार आवडे. लांबून नक्षी उरलीच नाही, उरला तो फक्त गडदपणा.

लांबून पाहण्याची ही सवय गोधडीला पूर्वीपासून लागलेली असेलही, पण कलादालनाने ती पक्की केली. १९७१ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकी गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर लावल्या आणि लोक त्यांच्याकडे रंग व आकृती म्हणून पाहू लागले. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग व्हिटनीच्या संग्रहालयात पोचल्या, तेव्हाही त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशीच झाली. त्या गोधड्या मला विलक्षण आवडतात, पण ही तुलना ऐकली की थोडी कुरबुर करावीशी वाटते. चित्राला मागची बाजू नसते, निदान कुणी ती विचारत नाही. गोधडीची मागची बाजू हीच अंगाला लागणारी बाजू. भिंतीवर नेमकी तीच भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

उभे न करता मांडलेल्या गोधडीचे सर्वांत मोठे उदाहरण माझ्या माहितीत एकच आहे. एड्सने मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेली गोधडी ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर पसरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० पट्ट होते आणि प्रत्येक पट्ट तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा होता. माणसे पट्टांमधल्या वाटांवरून खाली पाहत चालली. ती भिंतीवर लावली असती तर नावे वाचता आली असती, पण त्यासाठी कुणाला मान खाली घालावी लागली नसती.

माझ्या गोधड्या अर्थात भिंतीवरच जातात, आणि आता त्या जाण्याची तयारी मी आधीपासून करते. तुकडे मांडून झाले की खुर्चीवर चढते, नाहीतर छायाचित्र काढून ते अगदी लहान करून पाहते. गडदाला गडद चिकटले असेल तर तेव्हाच कळते. मागे वरच्या कडेला चार इंच रुंद कापडी बाही शिवते. तिच्यातून काठी गेली की वजन कडेभर सारखे वाटले जाते. बाही किंचित सैल ठेवावी लागते, नाहीतर काठीचा उंचवटा समोरून दिसतो. खालच्या कोपऱ्यात नाव आणि वर्ष लिहिलेली कापडी चिठ्ठी लावते. ऊन थेट येत असेल तर जागा बदलून मागते. संग्रहालये कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, ते उगाच नव्हे, कारण उडालेला रंग परत येत नाही.

मोठ्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात. कुणी विनंती केली की ते गोधडीचा एक कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. मी प्रेक्षक म्हणून जाते तेव्हा ही विनंती हटकून करते, आणि माझ्यासारखे पुष्कळ असतात. अस्तर दिसताच सगळे एकदम पुढे झुकतात. टाके मागे किती सारखे उतरले आहेत, गाठी कुठे लपल्या आहेत, गोट कोणत्या टाक्याने बसवला आहे, हे तिथे बिनबोभाट कळते.

त्या पहिल्या गोधडीला मी पुढे बाही लावली, दोन निळ्यांपैकी एकावर फिक्या कापडाचे ठिगळ शिवले आणि ती आणखी दोनदा भिंतीवर राहून आली. आता ती पलंगावर असते. बाही उसवायची राहून गेली आहे. रात्री ती मानेला टोचू नये म्हणून पांघरताना मी गोधडी फिरवून घेते, आणि मग पायाची बोटे बाहीत अडकतात.